दु:खाच्या कादंबऱ्या वाचाव्यात का?

‘‘डॉक्टर, घरात दु:ख काय थोडं आहे, म्हणून आणखी पुस्तकातलं उसनं आणायचं?’’ हा प्रश्न मला दवाखान्यात वारंवार विचारला जातो. विचारणारे बहुधा दु:खी माणसाचे जवळचे नातेवाईक असतात आणि त्यांचा हेतू चांगलाच असतो. घरातले कोणी अकाली गेले, की आपल्याकडे दोन गोष्टी लागोपाठ घडतात. गेलेल्या माणसाचा फोटो हार घालून भिंतीवर जातो आणि त्याचे नाव घरातल्या बोलण्यातून जाते. मागे राहिलेल्या आईपुढे किंवा बायकोपुढे विषय निघू नये म्हणून सारे घर जपून वागते. भेटायला येणारा प्रत्येक जण ‘आता विसर, मुलांकडे बघ, मन रमव’ असे सांगून चहा घेऊन जातो. हातात पुस्तक दिलेच, तर ते विनोदी तरी असते, नाही तर एस. टी. स्टँडवर मिळणारे ‘सकारात्मक विचार करा, यशस्वी व्हा’ या छापाचे.

माझे मत याच्या उलट आहे. ज्या घरात मृत्यू होऊन गेला आहे, त्या घरातील वाचू शकणाऱ्या माणसाला योग्य वेळी एखादी दु:खाची, घराची वाताहत आणि त्यातून तगून राहणारी माणसे दाखवणारी चांगली कादंबरी अवश्य द्यावी. ‘योग्य वेळी’ आणि ‘चांगली’ या दोन शब्दांवर मात्र माझा भर आहे. औषधाला जशी मात्रा असते, पथ्य असते, तसेच या वाचनालाही आहे. त्याचा विचार आज करू.

रडू आले म्हणजे माणूस खचला असे नाही

दु:खाची गोष्ट ऐकून मन हलके करणे ही आपल्याकडे मुळीच नवी गोष्ट नाही. रामायणाचा जन्मच क्रौंच पक्ष्याच्या जोडीतील एक मारला गेल्यावर वाल्मीकींना झालेल्या शोकातून झाला, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. भवभूतीने तर करुण रसालाच मुख्य रस मानले. पूर्वी गावोगाव सप्ताहात कीर्तनकार हरिश्चंद्र-तारामतीचे आख्यान लावत. रोहिदासाला सर्प डसतो तिथे आले की सारा मांडव पदराने डोळे पुसत असे. त्या गर्दीत स्वत:चे मूल गमावलेल्या चार आया असतच. त्या रोहिदासाच्या निमित्ताने आपल्या लेकरासाठी रडून घेत आणि कोणी त्यांना ‘रडू नको’ म्हणत नसे. जात्यावरच्या ओव्यांचेही तेच. पहाटे दळता दळता बाई गेलेल्या भावाचे, आईचे नाव ओवीत गुंफायची. जाते गेले, पिठाची गिरणी आली. कष्ट वाचले हे चांगलेच झाले, पण बाईची रडण्याची हक्काची जागा मात्र गेली. माझ्या मते चांगली कादंबरी ही जागा थोडीफार भरून काढू शकते.

वैद्यकाच्या बाजूने पाहिले तरी दाबून ठेवलेले दु:ख नाहीसे होत नाही. ते डोकेदुखी, छातीत धडधड, पोटात गोळा, अंगदुखी, झोप न लागणे अशी सोंगे घेऊन येते. दवाखान्यात ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी बरे वाटत नाही’ म्हणणाऱ्यांत असे कितीतरी असतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे सांगण्यासारखा आहे. त्यांनी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातील अत्यंत क्लेशदायक प्रसंगाविषयी लिहायला लावले. लिहून झाल्याबरोबर ही मुले अधिक उदास झाली. परंतु ज्यांनी घडलेली घटना आणि तिच्यामागची भावना दोन्ही लिहिल्या होत्या, त्यांच्या पुढील काही महिन्यांतल्या दवाखान्याच्या खेपा इतरांपेक्षा कमी झाल्या. नंतर असे प्रयोग पुष्कळ झाले. परिणाम कुठे ठळक दिसला, कुठे अगदी माफक. तेव्हा हा काही रामबाण उपाय नव्हे. पण त्या घडीला वाईट वाटणे आणि पुढे जाऊन बरे वाटणे या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, एवढे त्यातून नक्की कळते.

आता प्रत्येकालाच आपले दु:ख लिहिता येत नाही. बोलताही येत नाही. अशा वेळी दुसऱ्याने लिहिलेले कामी येते. कादंबरीतील आई आपल्या मुलासाठी जे बोलते, ते वाचून आपल्या घशात अडकलेल्या गोष्टीला नाव मिळते. ‘असे वाटणारी मी एकटीच नाही, मला वेड लागलेले नाही,’ हा दिलासा उपदेशाच्या पुस्तकातून मिळत नाही. उलट ‘विचार बदला, जीवन बदलेल’ हे वाचून दु:खी माणसाला आणखी एक ओझे होते. आपण दु:खी आहोत हाही आपलाच दोष, असे त्याला वाटू लागते.

माझ्या पाहण्यातले एक उदाहरण देतो. एका निवृत्त शिक्षकांची पत्नी २०२१ च्या कोरोनाच्या लाटेत गेली. रुग्णालयात नेले ते शेवटचेच. तोंड पाहायलाही मिळाले नाही. गुरुजी त्यानंतर रडले नाहीत, बोलले नाहीत. रक्तदाब वाढला, झोपेची गोळी सुरू झाली. काही महिन्यांनी सून आपल्या मुलाला रोज संध्याकाळी ‘श्यामची आई’ मोठ्याने वाचून दाखवू लागली. गुरुजी बाजूच्या खोलीत पडून ऐकत. पुस्तकाच्या अखेरीस श्याम घरी पोहोचतो तेव्हा आई गेलेली असते, त्याला तिचे शेवटचे दर्शन होत नाही. ते वाचन चालू असताना गुरुजी उठून बाहेर आले आणि लहान मुलासारखे रडले. सून घाबरली आणि मला फोन केला. मी म्हटले, ‘‘घाबरू नका. त्यांना पाणी द्या आणि जवळ बसा.’’ गोळ्या काही दुसऱ्या दिवशी बंद झाल्या नाहीत, त्या आणखी काही महिने लागल्या. पण त्या दिवसापासून त्यांच्या घरात बाईंचे नाव पुन्हा घेतले जाऊ लागले. माझ्या दृष्टीने बरे होण्याची सुरुवात तीच.

आपल्या जिल्ह्याचा वारसा

आपल्या जिल्ह्याला आता ज्यांचे नाव मिळाले आहे, त्या अहिल्यादेवींचे चरित्रच या दृष्टीने पाहा. जामखेड तालुक्यातील चोंडीला १७२५ साली जन्मलेल्या या बाईंचे पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले. १७६६ साली सासरे मल्हारराव गेले, १७६७ साली एकुलता एक मुलगा मालेराव गेला. उतारवयात, १७९१ साली, जावई गेल्यावर मुलगी मुक्ताबाई डोळ्यांदेखत सती गेली. या साऱ्यातून त्यांनी १७९५ पर्यंत राज्य चालवले. आपण घाट आणि मंदिरे सांगतो, पण या मृत्यूंची यादी एका ओळीत उरकतो. मुलांना हे चरित्र सांगताना ती यादी सावकाश सांगावी, असे मला वाटते.

दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे. ही कादंबरी नव्हे, आत्मचरित्र आहे. ते १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले आणि आजही कादंबरीपेक्षा वेगाने वाचले जाते. १८९५ साली रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर नवरा-बायकोची काही वर्षे ताटातूट झाली. पुढे संसार पुन्हा उभा राहिला तो आपल्या नगर-राहुरीकडे. या पुस्तकाच्या आरंभीच एक गोष्ट आहे. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर वडिलांच्या मनाने सोवळ्याचा असा ध्यास घेतला की घरात येणारी प्रत्येक वस्तू धुतल्याशिवाय चालेना. मीठ-साखरही त्यातून सुटली नाही. पुस्तक वाचून कोणाच्या रोगाचे निदान करू नये, हे खरे. पण न बोललेले दु:ख कोणत्या वाटेने बाहेर पडते आणि साऱ्या घराला कसे वेठीला धरते, हे इतके स्पष्ट मी वैद्यकाच्या पुस्तकातही क्वचितच वाचले. आणि हे सारे लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात.

तिसरे, अकोले तालुक्यातील धामणगावचे दया पवार यांचे ‘बलुतं’. १९७८ साली आलेले हे आत्मकथन जातीच्या जाचाबद्दल म्हणून प्रसिद्ध आहे आणि ते बरोबरच आहे. परंतु बाप गेल्यावर मुलाला घेऊन राबणाऱ्या आईची गोष्ट म्हणूनही ते वाचावे. नवऱ्यामागे एकटीने मुले वाढवणाऱ्या बाया आपल्या प्रत्येक गावात आहेत.

काय वाचावे?

कादंबऱ्यांची यादी पुष्कळ मोठी होईल. मी माझ्या अनुभवातून काही नावे सुचवतो.

पहिले नाव ‘श्यामची आई’चे. साने गुरुजींनी हे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. ते लहान मुलांचे पुस्तक समजून आपण मोठेपणी बाजूला ठेवतो. आई-वडील गमावलेल्या प्रौढ माणसाने ते पुन्हा वाचून पाहावे. कोरोनात ज्यांना अखेरची भेट मिळाली नाही, त्यांच्यासाठी तर त्याचा शेवटचा भाग आहेच.

उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० साली आली. वऱ्हाडातील कौतिक नावाची बाई, परिस्थितीपुढे हतबल होणारा आणि पुढे महारोगाने घेरलेला नवरा, पोरांची शिक्षणे, आणि हाताबाहेर जाणारे घर. शेवट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण कौतिकची उमेद वाचकाच्या अंगात उतरते. घरात दीर्घ आजार असलेल्या बाईने ही कादंबरी वाचली, तर तिला आपल्या थकव्याची लाज वाटणार नाही. रुग्णाची सेवा करणाऱ्याचेही हाल होतात, ही गोष्ट आपण डॉक्टर मंडळीसुद्धा विसरतो.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) दुष्काळात उठून जाणाऱ्या धनगरांच्या वाडीची आहे. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी आपल्या जिल्ह्यात खडी फोडून काढला, त्या आजी-आजोबांना ती वाचून दाखवावी. मग त्यांना बोलू द्यावे. नातवंडांना कधीच न सांगितलेल्या गोष्टी बाहेर येतील. तिच्यात आरडाओरडा नाही, म्हणून सुरुवात करायला ती उत्तम.

रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ (१९७१) शिंप्याच्या एका घराची गावातल्या वैरापायी झालेली वाताहत त्या घरच्या बाईच्या तोंडून सांगते. आनंद यादवांची ‘झोंबी’ (१९८७) दारिद्र्यात होरपळलेल्या बालपणाची आणि शिक्षणासाठी केलेल्या झगड्याची आहे. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ कोरडवाहू शेती आणि शिकलेला पण बेकार मुलगा यांच्यात पिळून निघणारे घर दाखवते. तिला २००४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शेतकऱ्याच्या घरातील बाप-लेकांनी ती दोघांनी वाचावी आणि एकमेकांशी बोलावे, असे मी आवर्जून सांगेन.

बाहेरच्या जगातले एकच नाव घेतो. व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल नाझींच्या छळछावणीतून जिवंत परत आले, तेव्हा त्यांचे आई-वडील, भाऊ आणि पत्नी यांपैकी कोणी उरले नव्हते. १९४६ साली त्यांनी त्या अनुभवावर छोटे पुस्तक लिहिले. ती कादंबरी नसली तरी त्यातून मिळते ते हेच. मराठीतही ते उपलब्ध आहे.

पथ्य काय?

आता दुसरी बाजू. १७७४ साली जर्मन लेखक गटे याची ‘वेर्थर’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. नायक प्रेमभंगाने आत्महत्या करतो. तिच्यामागे काही तरुणांनी त्याचे अनुकरण केल्याची चर्चा युरोपभर झाली आणि काही ठिकाणी पुस्तकावर बंदीही आली. आत्महत्येच्या ठळक बातम्यांनंतर आत्महत्या वाढतात, हे १९७४ साली डेव्हिड फिलिप्स या समाजशास्त्रज्ञाने आकडेवारीने दाखवले आणि त्या परिणामाला वेर्थरचेच नाव दिले. पण याला जोड म्हणून २०१० साली ऑस्ट्रियातील संशोधकांनी दुसरी गोष्ट मांडली. आत्महत्येच्या विचारापर्यंत जाऊनही संकटातून निभावलेल्या माणसांच्या बातम्या छापून आल्या, तेव्हा आत्महत्या कमी झालेल्या दिसल्या. हा अभ्यास वर्तमानपत्रांचा आहे, कादंबऱ्यांचा नाही. तरीही आपण धडा घ्यावा तो असा : गोष्ट कितीही काळी असो, तिच्यात तगून राहणारे कोणीतरी असावे.

म्हणून विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) ही मराठीतील श्रेष्ठ कादंबरी असली, तरी तिच्या शेवटी आत्महत्या आहे हे लक्षात ठेवून ती द्यावी. ज्या घरात कोणी कर्जापायी किंवा अन्य कारणाने जीव दिला आहे, तेथे असे पुस्तक निदान पहिले वर्ष-दोन वर्षे देऊ नये.

आणखी काही पथ्ये सांगतो :

१) दिवसकार्य होईपर्यंत आणि त्यानंतरही काही आठवडे पुस्तकाचा आग्रह धरू नये. त्या दिवसांत माणसाला माणूस लागते. वेळेवर जेवण आणि झोप लागते.

२) अगदी आपल्यावर गुदरला तसाच प्रसंग असलेले पुस्तक प्रथम घेऊ नये. मूल गेलेल्या आईला मूल जाण्याची गोष्ट देण्याआधी ‘बनगरवाडी’सारखे थोडे लांबचे दु:ख द्यावे.

३) रात्री झोपण्यापूर्वी वाचू नये. दुपारी किंवा संध्याकाळी दहा-पंधरा पाने पुरेत. माझ्याकडे आलेला एक तरुण रात्री दोन-दोन वाजेपर्यंत अशीच पुस्तके वाचायचा, जेवण सोडले होते, कामावर जाणे सोडले होते. त्याला मी पुस्तक मिटायला सांगितले आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. वाचून माणूस चार शब्द बोलू लागला तर वाचन लागू पडले. तो खोलीचे दार लावून घेऊ लागला तर पुस्तक बंद करावे.

४) ‘बघ, तिचं तुझ्यापेक्षा किती वाईट झालं’ असे कधीही म्हणू नये. दु:खाची तुलना करून कोणाचे दु:ख कमी होत नाही. पुस्तक द्यावे आणि गप्प बसावे. विचारले तर बोलावे.

५) ज्यांना वाचता येत नाही, त्यांना वाचून दाखवावे. त्यासाठी घरातील नववी-दहावीची मुले फार उपयोगी पडतात आणि त्यांचाही फायदा होतो.

डॉक्टरकडे केव्हा जावे?

पुस्तक हे उपचाराची जागा घेऊ शकत नाही, हे स्पष्ट सांगतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप आणि भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, अंघोळ-कपड्यांकडेही दुर्लक्ष होत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. जवळच्याच्या मृत्यूनंतरचे दु:ख सहा महिने उलटले तरी तितकेच तीव्र राहिले आणि रोजचे जगणे त्याने अडवून धरले, तर तो उपचाराचा विषय ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लागू केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात या अवस्थेची स्वतंत्र नोंद केली आहे. अर्थात वर्षश्राद्धाला डोळ्यांत पाणी येणे हा आजार नव्हे. आणि ‘मलाही जायचे आहे’ असे कोणी बोलले, तर ते बोलणे सहज घेऊ नये. त्या माणसाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते आणि तेथे मराठीतून बोलता येते. हा क्रमांक कॅलेंडरवर लिहून ठेवावा.

शेवटी एक विनंती. आपल्या नगरच्या जिल्हा वाचनालयाची स्थापना १८३८ सालची. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर खेडोपाडी छोटी ग्रंथालयेही उभी राहिली. बऱ्याच ठिकाणी कपाटे कुलपात आहेत आणि वाचक स्पर्धा परीक्षेचे. ग्रंथपालांनी वर सांगितलेली पाच-सात पुस्तके एका फळीवर वेगळी काढून ठेवावीत. गावात कोणाकडे दु:खद घटना घडली, की महिना-दीड महिन्याने त्यांतले एखादे घेऊन त्या घरी जावे. शेजाऱ्यांनीही हे करायला हरकत नाही. आपण दहाव्याला जातो, पिठलं-भाकरीचे डबे पोहोचवतो. ते चांगलेच आहे. परंतु डबे बंद झाल्यावर, पाहुणे पांगल्यावर त्या घरात जी दुपार सुरू होते, ती फार लांब असते. त्या दुपारी पुस्तक घेऊन कोणीतरी जायला हवे, आणि जमल्यास थोडा वेळ तेथे बसायला हवे.